टीएसएच वाढलेला आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर: दोन्हींचा खरंच संबंध असतो का?

अनघा_नाशिक
नमस्कार मंडळी. आरोग्य विभागातले बरेच धागे चाळले, पण हे दोन्ही एकत्र कुठे सापडलं नाही, म्हणून नवा काढतेय.

वय ४४, उंची १५६ सेंमी, वजन ६८ किलो. शाळेत शिकवते. दारू-सिगरेटचा प्रश्नच नाही, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. शाळेतर्फे सगळ्यांची तपासणी झाली त्यात टीएसएच (थायरॉईड मंद पडलं की वाढतो तो) ७.२ आला, फ्री टी४ (म्हणजे थायरॉईडचं हार्मोन) नॉर्मल. लिव्हरचे एसजीपीटी ५८, एसजीओटी ४६, प्लेटलेट २ लाख ४० हजार, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९. सोनोग्राफीच्या कागदावर अगदी खाली एक ओळ: ग्रेड १ फॅटी लिव्हर.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, "थायरॉईडमुळेच लिव्हरवर चरबी बसलीय. थायरॉईडची २५ ची गोळी सुरू करा, लिव्हर आपोआप जागेवर येईल." नणंद नर्स आहे. ती म्हणते दोन्हींचा काडीचा संबंध नाही, वजन उतरव. गोळी अजून सुरू केलेली नाही. थायरॉईडच्या गोळीने फॅटी लिव्हर गेल्याचा कुणाला अनुभव आहे का? की दोन्ही वजनाचीच पिल्लं?

चिंतू_चिंचवडकर
नणंदेचं म्हणणं बरोबर निघालं तर घरी सांगू नका. आयुष्यभर ऐकावं लागेल.

मृणाल_म
वाचतेय. मलाही दोन्ही आहेत. थायरॉईडची गोळी बरीच वर्षं चालू आहे, टीएसएच २ च्या आसपास असतो, तरी फॅटी लिव्हर आहेच. म्हणजे निदान माझ्या बाबतीत गोळीने काही 'आपोआप' झालं नाही.

रेघोट्या
(नव्या सभासदांसाठी: मी एमडी मेडिसिन, कोल्हापूर. इथे लिहितो ती माहिती, तपासल्याशिवाय सल्ला देत नाही.)

अनघाताई, नणंदबाईंना थोडे जास्त गुण देईन, पण "काडीचा संबंध नाही" हे मात्र चूक.

थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी४ सोडते. त्याचं काम करणारं रूप म्हणजे टी३, आणि हे रूपांतर यकृतातही होतं. टी३ पेशीतल्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) बसतं त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. हृदय आणि हाडांत अल्फाचं राज्य, यकृतात बीटाचं. यकृतातल्या बीटा ग्राहकावर टी३ बसलं की पेशी साठवलेले चरबीचे थेंब फोडते आणि मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या भट्टीत) जाळायला पाठवते. शिवाय रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ओढून घेणारे ग्राहक वाढतात. हार्मोन कमी पडलं की हे सगळं मंदावतं. हायपोथायरॉईड (थायरॉईड मंद असलेल्या) पेशंटचं कोलेस्टेरॉल चढतं ते यामुळेच. कोलेस्टेरॉल वाढलेला पेशंट आला की ते उतरवणारी स्टॅटिनची गोळी लिहिण्याआधी टीएसएच बघायचा असतो, तोही याच कारणाने.

लोकांवरचे अभ्यासही आहेत. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात ९ हजारांवर माणसांवर साधारण १० वर्षं लक्ष ठेवलं होतं. २०१६ साली त्यांनी छापलं की थायरॉईड जितकं मंद, तितकी फॅटी लिव्हर होण्याची शक्यता जास्त. किती जास्त? हायपोथायरॉईड लोकांत साधारण सव्वापट. म्हणजे संबंध आहे, पण "थायरॉईडमुळेच" म्हणण्याइतका नाही. नाशिकच्या एखाद्या सोसायटीत सगळ्यांची सोनोग्राफी केली तर फॅटी लिव्हरवाले ढिगाने निघतील आणि त्यातल्या बहुतेकांचा टीएसएच नॉर्मल असेल.

शंकासुर
डॉक्टरसाहेब, बाण उलटाही असू शकतो ना? लठ्ठपणात टीएसएच स्वतःच थोडा वाढतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात, ते मेंदूमार्गे टीएसएचला वर ढकलतं. वजन उतरलं की बऱ्याच जणांचा टीएसएच गोळीविना खाली येतो, बॅरिअॅट्रिक (वजन उतरवण्याच्या) शस्त्रक्रियेनंतर तर हे नेहमी दिसतं. मग ६ नि ७ चे टीएसएच हे आजाराचं कारण की वजनाचा परिणाम?

आणि दुसरं. ज्यांचा टीएसएच किंचित वाढलेला, टी४ नॉर्मल, अशांबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे संबंध दिसतो, कुठे वजन आणि वय हिशेबात धरलं की विरून जातो.

रेघोट्या
शंकासुर, +१. अनघाताईंचा बीएमआय जवळजवळ २८ येतो. आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, तेव्हा ही शक्यता चांगलीच आहे. दोन्ही बाण एकाच वेळी चालू असणंही शक्य आहे.

सुगरण_सुमन
अंडंसुद्धा न शिजणाऱ्या घरातही हे दिसतं गं! माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी फॅटी लिव्हर सांगितलं तेव्हा त्या तीन दिवस बोलल्या नाहीत कुणाशी, लोकांना वाटेल म्हातारी चोरून पिते. त्यांचा आठवडा सांगते: सोमवार, गुरुवार, एकादशी उपवास. उपवास म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी वर दही-साखर, दुपारी बटाट्याचा कीस, चारला राजगिऱ्याची चिक्की, रात्री वरीचे तांदूळ. शिवाय दिवसात पाच वेळा अर्धा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. "अर्धाच तर घेते" म्हणून तो मोजायचा नाही.

तेल कमी करून काही झालं नाही. साखर, साबुदाणा आणि रात्रीचा भात गेला तेव्हा वजन हललं.

ओसाडगावचा_पाटील
साबुदाण्याला नावं ठेवणाऱ्यांचा निषेध. एकादशी आमच्याकडे दुप्पट खाशीच असते.

बाकी विषयाला धरून: बहिणीने सकाळी गुळवेलीचा काढा आणि रात्री दुधातून अश्वगंधा चालू केलंय. एक लिव्हरला, एक थायरॉईडला. नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना?

रेघोट्या
पाटील, हे आजच थांबवायला सांगा. चेष्टा नाही करत.

कोविडच्या काळात गुळवेल रोज पिणाऱ्यांत यकृताला सूज आलेले पेशंट मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले, २०२१ मध्ये ते छापूनही आलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण त्यानंतर देशात इतर ठिकाणांहूनही तशाच नोंदी आल्या. आधीच स्वयंप्रतिकार आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) असलेल्यांना धोका जास्त दिसला, आणि आपल्याकडे थायरॉईड मंद होण्याचं मोठं कारण म्हणजे हाशिमोटो, तोही त्याच जातीचा आजार. अश्वगंधेने थायरॉईड हार्मोन वाढू शकतं आणि तिच्यामुळे कावीळ झाल्याच्याही नोंदी आहेत. आधीच गोळी घेणाऱ्या बाईने वरून अश्वगंधा घेतली की टीएसएचचा आकडा कशामुळे हलला तेच कळेनासं होतं.

ओसाडगावचा_पाटील
कळवतो तिला. काढा मलाही पाजत होती, सुटलो.

नमुना_क्र_७
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, काउंटरच्या आतल्या बाजूला. रिपोर्ट घेऊन धावपळ करण्याआधी या गोष्टी बघा.

टीएसएच दिवसभर सारखा राहत नाही. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. एकदा सकाळी सातला उपाशीपोटी आणि एकदा जेवून दुपारी तीनला दिलंत तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. केस-नखांच्या गोळ्या घेत असाल तर त्यात बायोटिन भरपूर असतं. ते बऱ्याच मशिनांवर थायरॉईडचे आकडे चुकीचे दाखवतं, टीएसएच खोटा खाली आणि टी४ खोटा वर. निदान दोन दिवस आधी बंद करा, जास्त डोस असेल तर आणखी आधी. आणि रक्त काढताना सांगा तरी! आम्ही विचारतो "काही औषध चालू आहे का", लोक म्हणतात "नाही, फक्त केसांची गोळी."

आता लिव्हरच्या रिपोर्टबद्दल. एसजीओटी नुसतं यकृतातून येत नाही, स्नायूंतूनही येतं. थायरॉईड फार मंद झालं की स्नायूंना इजा होऊन एसजीओटी वाढतं आणि सगळे लिव्हरच्या मागे लागतात.

सातारकर_७१
नमुनासाहेबांनी शेवटी जे लिहिले ते आमच्या घरात घडले आहे.

आईचे पाय दुखायचे, जिना चढवत नसे, आवाज घोगरा झालेला, चेहरा सुजलेला. एका रुग्णालयात एसजीओटी वाढलेले पाहून यकृताचा आजार म्हणून फाइल उघडली. यकृताच्या गोळ्या, पथ्य, पुन्हा रक्त, पुन्हा सोनोग्राफी. वय झाले म्हणून पाय दुखतात असे तिथे ऐकवले. पुढे दुसऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आईच्या घोट्यावर रिफ्लेक्सची हातोडी मारली. पाय झटकला, पण परत खाली येताना अगदी सावकाश आला. बाईंनी दुसऱ्या पायावर तेच केले, मग मला जवळ बोलावून दाखवले आणि म्हणाल्या, "टीएसएच कधी केलाय?" कुणी केलाच नव्हता. आला तो शंभराच्या वर. सीपीके, म्हणजे स्नायूंची तपासणी, तीही भलतीच वाढलेली. गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांत पाय, आवाज आणि एसजीओटी तिन्ही ठिकाणावर आले.

त्यामुळे माझे मत, यकृताचे रिपोर्ट बिघडलेल्या प्रत्येकाचा एकदा टीएसएच झालाच पाहिजे. दोनचारशे रुपयांची तपासणी आहे.

रेघोट्या
सातारकर, त्या बाईंना माझा नमस्कार कळवा. सावकाश परतणारा घोट्याचा रिफ्लेक्स हे पुस्तकातलं लक्षण आहे, पण बघायला हातोडी खिशातून काढावी लागते.

मात्र अनघाताईंचं प्रकरण तसं नाही. त्यांचं एसजीपीटी एसजीओटीपेक्षा जास्त आहे आणि टी४ नॉर्मल आहे. हे चित्र साध्या फॅटी लिव्हरचं.

झोपमोड
उलट बाजूनेही लिहितो. माझा थायरॉईड जास्त होता, वजन घटत चाललेलं, हात थरथरायचे. तेव्हाही लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. कार्बिमॅझोल (थायरॉईड उतरवणारी गोळी) सुरू करण्याआधी डॉक्टरांनी मुद्दाम लिव्हर टेस्ट करून ठेवली, कारण पुढे बिघडलं तर आजारामुळे की औषधामुळे ते कळायला हवं. डोळे-लघवी पिवळी दिसली किंवा घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून लगेच या, असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं.

एडिसनचा_अण्णा
धागा उशिरा पाहिला. न्यू जर्सीतून लिहितोय. रेघोट्या डॉक्टरांनी वर अल्फा-बीटाचं बीज पेरून ठेवलंय ते मुद्दामच असणार, कारण त्या बीटावर बेतलेली गोळी मी सध्या घेतोय.

रेस्मेटिरोम. मार्च २०२४ मध्ये इथल्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मंजूर केली. फॅटी लिव्हरमध्ये सूज येऊन व्रण पडू लागलेल्या, पण सिरोसिसपर्यंत न गेलेल्या लोकांसाठी, म्हणजे एफ२ आणि एफ३ टप्पा. या आजारासाठी अमेरिकेत मंजूर झालेलं हे पहिलं औषध. माझा फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) आणि नंतरची बायोप्सी एफ२ ची होती.

गंमत अशी की मला थायरॉईडचा कुठलाही आजार नाही. टीएसएच १.८. रक्तातलं थायरॉईड हार्मोन ठीक असलं तरी फॅटी लिव्हरमध्ये यकृताच्या आत त्याचा परिणाम कमी पडतो, असं माझ्या डॉक्टरने समजावलं. नुसतं थायरॉक्सिन (थायरॉईडची नेहमीची गोळी) वाढवून दिलं तर ते सगळ्या गावाला भोंग्यावरून हाक मारल्यासारखं, हृदयही धावत सुटतं. ही गोळी फक्त यकृताच्या दाराची कडी वाजवते.

शंकासुर
अण्णा, आकडे?

एडिसनचा_अण्णा
मेस्ट्रो-नॅश नावाची चाचणी, ९६६ लोक, ५२ आठवडे. सूज गेली असे लोक ८० मिलिग्रॅमवर २५.९ टक्के, १०० वर २९.९ टक्के, आणि नुसत्या साखरेच्या गोळीवर (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली) ९.७ टक्के. व्रणांचा टप्पा एकाने सुधारला असे २४.२ आणि २५.९ टक्के, साखरेच्या गोळीवर १४.२. म्हणजे दर दहातल्या सात जणांची सूज गोळी घेऊनही गेली नाही. सुरुवातीला जुलाब होतात, मला झाले. काही स्टॅटिनचा डोस मर्यादित ठेवावा लागतो. २०२४ मध्ये आली तेव्हा किंमत वर्षाला सुमारे ४७ हजार डॉलर होती, विमा नसता तर मी इथे साबुदाण्यावरच लिहीत बसलो असतो.

एक लक्षात ठेवण्यासारखं: या गोळीने रक्तातला फ्री टी४ थोडा खाली येतो, टीएसएच हलत नाही. नवख्या डॉक्टरने पाहिलं तर थायरॉईड बिघडलं म्हणून आणखी एक गोळी लिहील.

शंकासुर
धन्यवाद. ही कडी वाजवण्याची कल्पना नवी नाही मात्र. साठच्या दशकात अमेरिकेत कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाची मोठी चाचणी सुरू झाली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना कोलेस्टेरॉल उतरवायला डेक्स्ट्रोथायरॉक्सिन (थायरॉक्सिनचाच भाऊबंद) दिलं. त्या गटात मृत्यू जास्त दिसू लागले आणि तो गट मध्येच बंद करावा लागला. नंतर यकृतापुरतं काम करणारं एप्रोटिरोम आलं, तर कुत्र्यांवरच्या दीर्घ चाचणीत कूर्चेला इजा दिसली आणि २०१२ मध्ये तेही गुंडाळलं. म्हणून "थायरॉईडची गोळी घे, चरबी जळेल" असं कुणी म्हटलं की मला घाम फुटतो. अमेरिकेत थायरॉक्सिनच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशाराच असतो की वजन उतरवायला वापरू नका.

मृणाल_म
आमच्या जिमच्या ट्रेनरला हा प्रतिसाद छापून देते. तो "थोडंसं टी३" सुचवत होता.

रेघोट्या
ट्रेनर बदला.

अण्णांच्या औषधाची चर्चा वाचून कुणी केमिस्टकडे धावू नये. ते एफ२-एफ३ साठी आहे. त्याच टप्प्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत सेमाग्लुटाइड या वजन-साखरेच्या औषधालाही मंजुरी मिळाली. आपल्याकडे सॅरोग्लिटाझार नावाच्या गोळीला २०२० पासून परवानगी आहे. पण ग्रेड १ ला यातलं काहीही लागत नाही. आणि सोनोग्राफीची ग्रेड म्हणजे चरबी किती दिसते एवढंच. यकृतावर व्रण आहेत का, ते त्यातून कळत नाही. ग्रेड ३ असून यकृत मऊ असू शकतं, ग्रेड १ असून कडकही.

त्यासाठी फिब-४ नावाचा साधा हिशेब आहे, घरी करता येतो. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ताईंचे आकडे टाकू: ४४ × ४६ = २०२४. ५८ चं वर्गमूळ ७.६, त्याला २४० ने गुणलं की १८२४. भागाकार १.१. हा १.३ च्या खाली असेल तर व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञ गाठा, मधे असेल तर फायब्रोस्कॅन. पासष्टीपुढे खालची मर्यादा २ धरतात.

चिंतू_चिंचवडकर
बायकोचे आकडे टाकले, ०.८. माझे टाकले, १.६. आता घरी वर्गमूळ हा शब्द काढायचा नाही असं ठरवलंय.

आशा_उपकेंद्र
चिंतूभाऊ, १.६ हसण्यावारी नेऊ नका, फायब्रोस्कॅन करून घ्या. पण पासष्टीच्या पुढे असाल तर तो २ च्या खालीच आहे.

मी सरकारी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२१ पासून फॅटी लिव्हरही आहे, पण लोकांना बीपी-शुगरच माहीत. आम्ही टेप घेऊन कंबर मोजतो. बायकांची ८० सेंमी आणि पुरुषांची ९० च्या वर गेली की सावध. शेतावर राबणाऱ्या, हातापायाने काड्या दिसणाऱ्या बायकांची कंबर कधी कधी ९२ भरते, आणि त्यांना वाटतं आपण बारीकच आहोत.

चिंतू_चिंचवडकर
अठ्ठावन्न. पासष्टी नाही. करतो.

अनघा_नाशिक
एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे खूप आभार, सुमनताईंच्या सासूबाई वाचून तर घरी सगळे हसले (आमच्या चहाचाही हिशेब तोच आहे).

डॉक्टर, मूळ प्रश्न राहिलाच. ७.२ ला गोळी घ्यायची की नाही?

रेघोट्या
राहिला नव्हता, मुद्दाम मागे ठेवला होता.

टीएसएच १० च्या वर असता तर गोळीबद्दल फारसा वाद नसता. ४.५ ते १० मध्ये टी४ नॉर्मल असेल तर आधी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करायचा, सकाळी, आणि सोबत अँटी-टीपीओ (थायरॉईडवर उलटलेल्या अँटीबॉडींची तपासणी). बऱ्याच जणांचा दुसऱ्या वेळी खाली आलेला असतो. अँटीबॉडी भरपूर असतील, लक्षणं असतील, गरोदरपणाचा विचार असेल, तर गोळीकडे कल झुकतो. नसतील तर नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. हे फॅमिली डॉक्टरांशी बसून ठरवा. त्यांना सांगा की गोळी घेतली तर ती थायरॉईडसाठी घेईन. नॉर्मल टी४ असताना थायरॉक्सिनने फॅटी लिव्हर जातं असं ठामपणे म्हणता येईल एवढा पुरावा नाही, आणि डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होणं, हाडं ठिसूळ होणं हे मागे लागतं.

लिव्हरसाठी तुमच्या हातात जे आहे त्याचं गणित असं: वजन ५ टक्के उतरलं की चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांत सूजही जाते. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे पावणेपाच किलो, तेही सावकाश. उपाशी राहून महिन्यात उतरवायला जाऊ नका, यकृत आणि पित्ताशय दोन्ही कुरकुरतात. चालणं आणि वजन उचलण्याचा व्यायाम दोन्ही ठेवा. बिनसाखरेची कॉफी चालेल, कॉफी पिणाऱ्यांत यकृतावरचे व्रण कमी दिसतात.

नमुना_क्र_७
गोळी सुरू झालीच तर: उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर. अॅसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. बाटली फ्रिजच्या दारात किंवा गॅसजवळ ठेवू नका. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून मगच टीएसएच, पंधरा दिवसांत येऊन आमच्यावर चिडू नका.

सुगरण_सुमन
अनघा, नाचणीचं ताक-आंबील आणि ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं. वेगळं काही आणायला नको. चहात साखर एकदम बंद केलीस तर चार दिवसांत सोडून देशील, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी कर. सासूबाईंना तसंच फसवलं.

पहिलटकर
नवीन सभासद. सगळा धागा वाचून विचारतोय, रागावू नका. आई ७८ वर्षांची, टीएसएच ६.१, टी४ नॉर्मल, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. एका ठिकाणी गोळी लिहून दिली. सुरू करू?

रेघोट्या
नाही रागावत, वाचून विचारलंत. वयाबरोबर टीएसएच थोडा वाढतोच, ७८ ला ६.१ हा बऱ्याचदा वयाचाच आकडा असतो. ६५ च्या वरच्या ७३७ जणांवर ट्रस्ट नावाची चाचणी झाली, २०१७ मध्ये छापली. किंचित वाढलेल्या टीएसएचला गोळी दिल्याने थकवा किंवा थायरॉईडची लक्षणं यांत काही फरक पडला नाही. आईंना काही त्रास आहे का, नाडी कशी आहे, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे घेऊन लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे परत जा आणि "नुसतं लक्ष ठेवलं तर चालेल का" एवढंच विचारा. जाताना आईंचं फिब-४ काढून न्या, मर्यादा २ धरून.